चार लिटर आइस्क्रीम आणि आबांची वाटी

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या साताऱ्याच्या घरी नातवाच्या मित्रमंडळींना आइस्क्रीमची मेजवानी दिली. नातू नऊ वर्षांचा. सुटीत तो मुंबईहून येतो आणि दोन दिवसांत गल्लीतील सगळी मुले त्याची होऊन जातात. "आजी, फक्त आइस्क्रीम. दुसरं काही करत बसू नकोस," एवढीच त्याची मागणी होती. मीही फारसा विचार केला नाही. बारा-तेरा मुले येतील असे धरून दोन लिटर आइस्क्रीम आणले आणि निश्चिंत झाले.

मुले आली एकोणीस. काहींची धाकटी भावंडे बोट धरून आली होती. पहिल्यांना मी सढळ हाताने वाढले आणि शेवटच्या चौघांच्या कपात तळ झाकेल इतकेच आले. मुले काही बोलली नाहीत. पण हिरमुसलेले चेहरे लपत नाहीत.

खरा प्रसंग त्यानंतर घडला. माझ्या यजमानांना मधुमेह आहे आणि त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. त्यांना पातळ पदार्थ गिळताना ठसका लागतो. पाणीसुद्धा घट्टपणा आणणारी भुकटी घालूनच द्यावे लागते. मुलांना खाताना पाहून त्यांनाही खावेसे वाटेल, म्हणून मी त्यांना आतल्या खोलीत बसवले होते. मी बाहेर कप गोळा करीत असताना आतून ठसक्याचा आवाज आला. धावत गेले, तर यजमानांचा चेहरा लालबुंद झालेला आणि नातू हातात कप धरून भिंतीला टेकून उभा. डॉक्टरांनी येऊन छाती तपासली, दोन दिवस तापावर लक्ष ठेवायला सांगितले. सुदैवाने पुढे काही झाले नाही.

मी नातवाला रागावले. तो रडत म्हणाला, "आइस्क्रीम संपलं होतं ना! आबांना मिळालंच नसतं. म्हणून मी माझं ठेवलं होतं."

त्याच्या हिशेबात आबा होते. माझ्या हिशेबात नव्हते. मुलांची संख्या मी चुकवली होतीच, पण घरातील एका माणसाचा वाटा मी मांडलाच नव्हता. यंदा म्हणून मेजवानीच्या आठ दिवस आधी कागद-पेन्सिल घेऊन बसले. सुटीत नातवंडांचे स्वागत करणाऱ्या आणि त्याच वेळी घरातील आजारी माणसाला सांभाळणाऱ्या वाचकांना तो हिशेब उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे सविस्तर देत आहे.

आधी माणसे, मग पदार्थ

खरेदीची यादी करण्यापूर्वी माणसांची यादी करावी. तीत वय लिहावे, कारण चार वर्षांचे मूल आणि बारा वर्षांचे मूल यांची भूक एक नसते. यंदा माझ्या यादीत वीस मुले होती: पाच वर्षांखालील चार, पाच ते आठ वयाची नऊ आणि नऊ ते बारा वयाची सात. शिवाय मोठी माणसे सहा.

आइस्क्रीमचा एक मध्यम गोळा साधारण ६० मिलिलिटरचा, म्हणजे १५ मिलिलिटरचे चार सपाट मोठे चमचे असतो. लहानग्यांना एक, मधल्यांना दोन, मोठ्या मुलांना तीन आणि मोठ्या माणसांना एक असे धरले, तर ४ अधिक १८ अधिक २१ अधिक ६, एकूण ४९ गोळे होतात. न सांगता येणाऱ्या तीन भावंडांसाठी आणखी सहा धरावेत. झाले ५५ गोळे, म्हणजे ३ लिटर ३०० मिलिलिटर. वितळणे, सांडणे, डब्याच्या कडांना राहणे आणि वाढणाऱ्याचा हात सढळ असणे यासाठी पंधरा-वीस टक्के वाढवले, की हिशेब जवळजवळ चार लिटरवर येतो. वीस मुलांच्या मेजवानीला चार लिटर हे माप ध्यानात ठेवावे. मुले दहा असली तर दोन लिटर पुरते. मात्र ती सगळी मोठी असतील, तर अर्धा लिटर जास्त घ्यावे.

स्वादांची गर्दी करू नये. पाच-सहा स्वाद ठेवले की प्रत्येक मूल प्रत्येकातले थोडे मागते, डबे सारखे उघडे राहतात आणि शेवटी आवडता स्वाद संपून नावडता उरतो. दोन लिटर आंबा, एक लिटर व्हॅनिला आणि एक लिटर चॉकलेट हे प्रमाण पुरेसे आहे.

यादी करतानाच मुलांच्या आईवडिलांना दोन प्रश्न विचारावेत. मुलाला एखादा पदार्थ सोसत नाही का? आणि त्याला दम्याचा त्रास आहे का? सर्दी विषाणूंमुळे होते, आइस्क्रीम खाल्ल्याने नव्हे. तरी दमा असलेल्या एखाद्या मुलाला फार गार पदार्थाने खोकल्याची उबळ येऊ शकते. अशा मुलाला काय चालते हे त्याच्या आईला ठाऊक असते. तिला विचारण्यात संकोच नसावा.

लिटर, ग्रॅम आणि वेष्टनावरील अक्षरे

दुकानात आइस्क्रीम लिटरवर मिळते. पण त्यात दुधाबरोबर हवाही असते. मिश्रण गोठताना ते घुसळले जाते, हवेचे सूक्ष्म बुडबुडे त्यात अडकतात आणि त्यामुळेच आइस्क्रीम दगडासारखे न होता मऊ राहते. आपल्याकडील अन्नसुरक्षा नियमांनुसार एक लिटर आइस्क्रीमचे वजन किमान ५२५ ग्रॅम आणि त्यातील दुधाची स्निग्धता किमान १० टक्के असावी लागते. म्हणून दोन वेष्टनांची तुलना करताना लिटरबरोबर वजनही पाहावे.

वेष्टनावर 'आइस्क्रीम' लिहिले आहे की 'फ्रोझन डेझर्ट', हेही चष्मा लावून वाचावे. दुसऱ्या प्रकारात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी किंवा त्याच्या जोडीला वनस्पती तेल वापरलेले असते. दिसायला दोन्ही सारखीच. ते विकण्यात बेकायदा काही नाही. पण आपण काय घेत आहोत हे आपल्याला माहीत असावे. अंडे न खाणाऱ्या कुटुंबांतील मुले असतील, तर हिरवे चिन्हही पाहून घ्यावे.

साखर नेमकी कोठून येते

आइस्क्रीम म्हटले की साखरेची भीती पुढे येते. ती अनाठायी नाही. मात्र तिचा रोख चुकीच्या ठिकाणी असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वरून घातलेल्या साखरेसारखी मुक्त साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी आणि शक्य तर ५ टक्क्यांहूनही कमी असावी. दिवसाला १६०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ४० आणि २० ग्रॅम होते.

आता मेजवानीचा हिशेब पाहू. दोन मध्यम गोळ्यांत वरून घातलेली साखर साधारण १० ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे असते. त्यावर एक मोठा चमचा चॉकलेट सॉस ओतला की आणखी सुमारे १० ग्रॅम. रंगीत गोळ्यांची मूठ टाकली की बारा-तेरा ग्रॅम. जोडीला २०० मिलिलिटरचे बाटलीबंद शीतपेय दिले की वीस ग्रॅमहून अधिक. बेरीज पन्नासच्या पुढे जाते आणि त्यात आइस्क्रीमचा वाटा जेमतेम दहाचा असतो.

याचा अर्थ सरळ आहे. ज्याच्यासाठी मुले आली ते आइस्क्रीम त्यांना मनसोक्त द्यावे आणि त्याच्याबरोबर येणारे गोड सोबती घरी ठेवावेत. पेय म्हणून माठातील पाणी आणि जिरेपूड घातलेले पातळ ताक ठेवावे. सॉसऐवजी आंब्याच्या फोडी द्याव्यात. आठ मध्यम आंब्यांचा साधारण एक किलो गर निघतो आणि प्रत्येक मुलाला तीन-चार चमचे फोडी मिळतात. एकही मूल 'सॉस कुठे आहे' असे विचारीत नाही, हा माझा यंदाचा अनुभव.

आधी खारे, मग गोड

'फक्त आइस्क्रीम' ही मुलांची मागणी प्रेमाने बाजूला ठेवावी. भुकेल्या पोटी मूल तीन गोळे पटकन संपवते, चौथा मागते आणि रात्री जेवत नाही. आइस्क्रीमच्या अर्धा-पाऊण तास आधी थोडे खारे पोटात गेले की हावरेपणा आपोआप उतरतो.

मेजवानी दुपारी चारला असेल, तर इडली आणि दडपे पोहे हा बेत सोयीचा पडतो; दोन्ही आधी करून ठेवता येते आणि दोन्ही तेलकट नाहीत. पाऊण किलो इडलीचा तांदूळ आणि पाव किलो उडीद डाळ यांच्या पिठात साधारण ४५ ते ५० मध्यम इडल्या होतात. मुलांना दोन-दोन देऊन मोठ्यांनाही उरतात. दडपे पोह्यांना अर्धा किलो पातळ पोहे आणि एक नारळ पुरतो. ओल्या नारळाची चटणी मे महिन्याच्या उष्म्यात लवकर आंबते. ती फ्रिजमध्ये ठेवावी आणि पाने मांडतानाच बाहेर काढावी. पोह्यांतील शेंगदाणे मात्र मिसळू नयेत, वेगळ्या वाटीत ठेवावेत. का, ते पुढे येते.

घशात अडकणारे आणि अंगावर उठणारे

आइस्क्रीमवर सुकामेवा भुरभुरण्याची आपल्याकडे हौस आहे. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, काजू, बदाम, पिस्ते मुळीच देऊ नयेत. त्यांच्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात, श्वासनलिका अरुंद असते आणि मेजवानीत मुले खातखातच पळतात. अडकलेला दाणा जीवावर बेतू शकतो. हवाच असेल तर सुकामेवा पूड करून घालावा. द्राक्षे, चेरी, टणक गोळ्या यांनाही हाच नियम. द्राक्ष द्यायचेच तर उभे चार तुकडे करून द्यावे. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मुलांना सतरंजीवर बसवून खायला देणे आणि खाऊन झाल्यावरच खेळायला सोडणे.

दुसरी गोष्ट ॲलर्जीची. शेंगदाणा, काजू, अंडे किंवा दूध यांची ॲलर्जी असलेल्या मुलाला अगदी कणभर पदार्थानेही अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, श्वास कोंडणे असा त्रास होऊ शकतो. म्हणून शेंगदाणे वेगळे. म्हणूनच प्रत्येक डब्याला स्वतंत्र चमचा. काजूच्या डब्यातील चमचा व्हॅनिलात जाऊ द्यायचा नाही. मुलाचा श्वास कोंडू लागला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तत्काळ रुग्णालय गाठावे.

दूध न सोसणे आणि दुधाची ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात दुधातील साखर पचत नाही. पोट फुगते, जुलाब होतात. थोडे आइस्क्रीम अशांना अनेकदा चालून जाते. दुसऱ्यात दुधातील प्रथिनांनाच शरीर विरोध करते. तेथे एक चमचाही नको. यंदा आमच्याकडे असा एक मुलगा होता. त्याच्यासाठी आंब्याचा रस, नारळाचे घट्ट दूध आणि थोडी साखर यांची कुल्फी आदल्या दिवशीच, दुधाच्या पदार्थांना हात लावण्याआधी, स्वच्छ साच्यांत लावून ठेवली. साचे चार भरले होते. त्याला एकट्याला 'वेगळे' वाटू नये, म्हणून त्याच्या तीन मित्रांनाही तीच दिली.

थंडावा टिकवण्याचे शास्त्र

आइस्क्रीम उणे १८ अंश सेल्सिअसला साठवायचे असते. घरातील लहान फ्रिजचा बर्फाचा कप्पा, त्यातही मे महिन्यात सारखा उघडझाप होणारा, तेवढा गार राहीलच असे नाही. म्हणून आइस्क्रीम आदल्या दिवशी आणून ठेवण्यापेक्षा त्याच दिवशी, दोन तास आधी आणावे. खरेदीत सगळ्यात शेवटी ते घ्यावे आणि थर्माकोलच्या पेटीतून थेट घरी यावे.

पेटीत नुसता बर्फ घातला तर आइस्क्रीम मऊ पडते, याचे अनेकांना कोडे वाटते. वितळणारा बर्फ शून्य अंशावर असतो. आइस्क्रीममध्ये साखर असल्याने ते शून्याच्या खाली दोन-तीन अंशांवरच सैल होऊ लागते. म्हणजे नुसत्या बर्फात ठेवलेले आइस्क्रीम वितळणारच. बर्फात जाडे मीठ मिसळले की मिश्रणाचे तापमान शून्याच्या बरेच खाली उतरते. योग्य प्रमाणात ते उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकते.

जुन्या पॉट आइस्क्रीमचे गुपितही हेच. लाकडी बादली, मध्ये पत्र्याचा डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ, वर फिरवायचा दांडा. असे हाताने फिरवायचे यंत्र अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी तयार केले आणि १८४३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुटीत आणि लग्नाच्या पंगतीत या पॉटने कित्येक पिढ्या रमवल्या. यंदा मी चारपैकी आंब्याचे दोन लिटर पॉटमध्ये करायचे ठरवले. एक लिटर सायीचे दूध, १६० ग्रॅम साखर आणि दुधात कालवलेले दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर उकळून पूर्ण गार केले. त्यात पाव लिटर साय आणि ४०० ग्रॅम हापूसचा रस घातला. अशा मिश्रणाचे फिरवून साधारण दोन लिटर आइस्क्रीम होते. गोठताना ते फुगते, म्हणून डबा दोन-तृतीयांशच भरावा. बर्फ सहा ते आठ किलो आणि खडेमीठ एक किलो लागते. वीस मिनिटे ते अर्धा तास फिरवावे लागते. दांडा जड लागू लागला की झाले. कच्चे अंडे घालण्याची जुनी कृती मुले आणि वृद्ध यांच्यासाठी टाळावी.

दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. मीठमिश्रित बर्फ शून्याच्या बराच खाली असल्याने तो हाताळल्यास त्वचेला गारठ्याची इजा होते. मुलांना त्यात हात घालू देऊ नये. दुसरे म्हणजे कारखान्याचा बर्फ खाण्याजोगा असेलच असे नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात निळसर रंग घालण्याचा नियम आहे. भोवतीचा बर्फ कोणताही चालेल. पण त्यातला खडा पाण्याच्या ग्लासात पडता कामा नये.

उरलेल्या आइस्क्रीमविषयी मन घट्ट करावे. वितळून पातळ झालेले आइस्क्रीम पुन्हा गोठवू नये. थंडीने जंतू मरत नाहीत, केवळ थबकतात. वितळलेल्या दुधात ते वाढतात आणि पुन्हा गोठवले तरी जिवंत राहतात. लिस्टेरिया नावाचा जंतू तर फ्रिजच्या गारव्यातही वाढतो. वृद्ध, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्याचा धोका अधिक. दुसऱ्या दिवशी उरलेसुरले खाण्याची सवय बहुधा घरातील आजी-आजोबांनाच असते. अन्न टाकू नये हा संस्कार खरा. पण त्यावर उपाय म्हणजे नेमके आणणे आणि एका वेळी एकच डबा बाहेर काढणे.

आजी-आजोबांचा वाटा

आता त्या वाट्याविषयी, जो गेल्या वर्षी माझ्याकडून राहिला. मुलांच्या मेजवानीत घरातील वृद्धांसाठी दोनच मार्ग आपल्याला सुचतात: 'जाऊ दे, एक दिवस खाऊ दे' किंवा 'त्यांना दाखवूच नका'. दोन्ही चुकीचे आहेत.

मधुमेह असेल, तर एक मध्यम गोळा बहुतेकांना चालू शकतो, पण तो वरून घ्यायचा नसतो, कशाच्या तरी जागी घ्यायचा असतो. तीन इडल्यांऐवजी दोन इडल्या आणि एक गोळा, असा हिशेब करावा. 'शुगर-फ्री' लिहिलेल्या आइस्क्रीममध्येही दुधातील साखर आणि स्निग्धांश असतातच. ते हवे तेवढे खाण्याची मुभा नव्हे. शिवाय त्यातील काही गोडव्यांनी जुलाब होतात. आइस्क्रीमला जागा करण्यासाठी जेवण टाळणे हे तर घातक. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर त्यामुळे एकदम खाली जाऊ शकते. आणि खाली गेलीच, तर त्या वेळी आइस्क्रीम हा उपाय नाही. स्निग्धांशामुळे त्यातील साखर रक्तात सावकाश पोहोचते. शुद्धीवर असलेल्या आणि नीट गिळू शकणाऱ्या माणसाला साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यात विरघळवून द्यावी.

औषधांच्या वेळाही पाहाव्यात. लोहाच्या आणि थायरॉईडच्या गोळ्या, तसेच सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी प्रतिजैविके दुधाच्या पदार्थांबरोबर घेतल्यास नीट शोषली जात नाहीत. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारात ज्यांचे पाणी मोजून दिले जाते, त्यांच्या पाण्याच्या हिशेबात आइस्क्रीमही धरावे.

आणि गिळण्याचा त्रास. ही गोष्ट मला स्वतःला प्रसंगातूनच कळली, म्हणून ती ठळकपणे सांगते. आइस्क्रीम चमच्यात घट्ट दिसते. तोंडात मात्र त्याचे क्षणात पाणी होते. ज्यांना पातळ पदार्थांचा ठसका लागतो, ज्यांना घट्ट केलेले पाणी दिले जाते, त्यांच्यासाठी आइस्क्रीम, कुल्फी, जेली, बर्फगोळा हे सारे पातळ पदार्थच होत. ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. खाताना किंवा खाल्ल्यावर खोकला येणे, आवाज ओलसर घोगरा होणे, डोळ्यांतून पाणी येणे, ही धोक्याची लक्षणे ओळखावीत. अशा माणसाला काय चालेल हे त्याच्या डॉक्टरांना किंवा गिळण्याच्या त्रासावर उपचार करणाऱ्या थेरपिस्टना विचारूनच ठरवावे.

मी यंदा विचारले. थेरपिस्ट बाईंनी सुचवले: दह्याचा घट्ट चक्का, त्यात गाळलेला आंब्याचा रस दोन चमचे, साखर नाही, गुळगुळीत फेटून, गार करून, ताठ बसवून लहान चमच्याने द्यायचे. लागणारे साहित्य अर्धी वाटी चक्का. वीस मुलांच्या चार लिटरपुढे ते काहीच नव्हते. पण यादीत मी ते सर्वांत वर लिहिले.

वीस मुले आणि सहा मोठ्यांसाठी यादी

• आइस्क्रीम: ४ लिटर (आंबा २, व्हॅनिला १, चॉकलेट १)
• दूध न चालणाऱ्यांसाठी नारळाच्या दुधाची कुल्फी: ४ साचे
• आंबे: फोडींसाठी ८ मध्यम
• इडल्या: ४५ ते ५०, दडपे पोहे: अर्धा किलो पोह्यांचे
• नारळ: पोह्यांना १, चटणीला २
• ताक: ४ लिटर, पिण्याचे पाणी: १० लिटर
• कोन: ३० (काही मोडतातच), कागदी कप आणि लाकडी चमचे: प्रत्येकी ४०
• पॉट व पेटीसाठी बर्फ: १२ किलो, खडेमीठ: दीड ते २ किलो
• प्रत्येक डब्याला स्वतंत्र वाढणी, हात पुसायला ओले पंचे
• घरातील वृद्धांसाठी त्यांच्या प्रकृतीनुसार ठरवलेला पदार्थ, नाव लिहून

यंदाची दुपार

यंदा आबांची खुर्ची अंगणात, पॉटच्या शेजारी मांडली. उजव्या हातात अजून बळ नाही. डाव्या हातात त्यांनी घड्याळ धरले. प्रत्येक मुलाने दांड्याचे तीस फेरे द्यायचे आणि आबांनी मोजायचे, असे ठरले. त्यांचे बोलणे अजून अडखळत येते, पण आकडे स्पष्ट येतात. पुढेपुढे मुलेच त्यांच्याबरोबर मोठ्याने मोजू लागली. कोणी फेरा चुकवला की आबा बोट वर करून त्याला पुन्हा एकपासून फिरवायला लावीत आणि मुले हसून गोंधळ घालीत.

मुले आली तेवीस. न सांगता आलेली तिन्ही भावंडे हिशेबात बसली. शेवटच्या मुलाला पहिल्याइतकेच मिळाले आणि व्हॅनिलाचा डबा उघडावा न लागता साधारण अर्धा शिल्लक राहिला, असे म्हणण्याचे भाग्य मात्र नव्हते. तो पुरता संपला. चॉकलेटचे तीन-चार गोळे उरले, ते त्याच संध्याकाळी शेजारच्या घरी गेले.

वाढायला सुरुवात करण्यापूर्वी नातवाने माझ्या हातातील यादी घेतली, वरची ओळ वाचली आणि स्वयंपाकघरातून आबांची वाटी स्वतः आणली. त्याने लहान चमचा घेतला, आबांची पाठ ताठ आहे ना हे पाहिले आणि प्रत्येक घासानंतर त्यांनी गिळेपर्यंत थांबला. हे सारे त्याला आदल्या दिवशी शिकवले होते. वाटी रिकामी व्हायला बारा मिनिटे लागली. बावीस मुले तेवढा वेळ आपापले कप हातात धरून थांबली होती. कोणीतरी सांगितले होते की आधी आबांचे होऊ द्यायचे. ते मी सांगितले नव्हते.